स्केचअप की रेव्हिट? स्क्रीनवरची भिंत सारखीच, आतला हिशेब वेगळा

जळगाव असो की धुळे, घर बांधायला काढलं की मालक आर्किटेक्टला आधी म्हणतो, “थ्रीडी दाखवा.” ते थ्रीडी स्केचअपमध्ये केलंय की रेव्हिटमध्ये (संगणकावर इमारतीचं मॉडेल करायचे हे दोन प्रोग्रॅम), हे नुसतं चित्र बघून भल्याभल्यांना ओळखता येत नाही. त्यामुळे नवं ऑफिस थाटताना किंवा डिप्लोमा संपवून शिकायला बसताना ‘दोन्ही थ्रीडीच ना, मग सोपं ते घेऊ’ असं ठरतं. चूक तिथेच होते. मॉडेल कसं दिसणार यापेक्षा त्या मॉडेलला पुढे आपण काय विचारणार, यावर निवड ठरायला हवी.

एक भिंत घेऊ: १२ फूट लांब, १० फूट उंच, ९ इंच जाड.

स्केचअपमध्ये १२ फूट बाय ९ इंचाचा आयत काढायचा, पी दाबून पुश-पुल (सपाट आकार ओढून उभा करायचं साधन) घ्यायचं, वर ओढून १० फूट टाइप करायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण प्रोग्रॅमच्या लेखी ती भिंत नसते, सहा पृष्ठभाग आणि बारा कडा असतात. ती लगेच ट्रिपल क्लिकने पूर्ण निवडून तिचा ग्रुप (एकत्र बांधलेला वेगळा तुकडा) केला नाही, तर शेजारची भिंत तिला चिकटते आणि एक हलवली की दुसरी ताणली जाते. नवशिक्यांची निम्मी मॉडेलं इथेच बिघडतात. खिडकीचंही तसंच. खिडकीचा कंपोनंट (तयार तुकडा) भिंतीवर ठेवला की तो बाहेरचा पृष्ठभाग तेवढा कापतो, आतला तसाच राहतो. आरपार भोक आपणच पाडायचं.

रेव्हिटमध्ये आधी भिंतीचा प्रकार ठरवावा लागतो: बाहेरून २० मिमी प्लास्टर, मध्ये २३० मिमी वीटकाम, आतून १२ मिमी प्लास्टर, एकूण २६२ मिमी. तिचा तळ जोत्याच्या लेव्हलला (ठरवलेल्या उंचीला) आणि माथा स्लॅबच्या लेव्हलला बांधलेला असतो. जोतं अर्धा फूट उचललं की भिंतीचा तळ आपोआप वर येतो. खिडकी बसवली की आरपार भोक पडतं, काढली की बुजतं. प्लॅन, सेक्शन (उभा छेद), एलिव्हेशन (बाहेरून दिसणारी बाजू) ही सगळी त्याच एका मॉडेलची दृश्यं, म्हणून एकीकडे बदल केला की सगळीकडे होतो.

आता वीटकाम किती ते विचारा. १२ × १० × पाऊण फूट म्हणजे ९० घनफूट. ४ बाय ४ ची खिडकी वजा केली की ७८ घनफूट, म्हणजे ०.७८ ब्रास (१०० घनफुटांचा एक ब्रास). स्केचअपही हा आकडा देतो, पण ग्रुप पूर्ण बंदिस्त असेल तरच. आत एक सुटी रेघ राहिली तरी माहितीच्या चौकटीतून घनफळाची ओळच गायब होते. प्लास्टर वेगळं मोजायचं तर हातानेच. रेव्हिटमध्ये वीट आणि प्लास्टर यांचं शेड्यूल, म्हणजे मापांचा तक्ता, थेट निघतं.

पण रेव्हिटचा आकडा डोळे झाकून कंत्राटदाराला देऊ नये. लेव्हल सहसा स्लॅबच्या वरच्या बाजूला धरलेली असते. भिंतीचा माथा तिथेच बांधला, तर स्लॅबच्या ५ इंचांतही वीटकाम मोजलं जातं. १०० फूट लांबीच्या ९ इंची भिंतीला हे जादाचं वीटकाम सुमारे ३१ घनफूट होतं. माथ्याचा ऑफसेट उणे ५ इंच द्या, म्हणजे माथा लेव्हलच्या ५ इंच खाली थांबेल; वर बीम असेल तर बीमच्या खोलीइतका. बीम, कॉलम आणि स्लॅब एकमेकांशी जॉइन केलेत का हेही पाहा, नाहीतर काँक्रीट दोनदा मोजलं जाऊ शकतं.

खान्देशात डिझाइनचा खरा कस उन्हाळ्यात लागतो, आणि उन्हाचा अभ्यास सुरुवातीलाच व्हावा. इथे स्केचअप जास्त कामाला येतं, कारण भराभर चार पर्याय ओढून सावली बघता येते. मात्र फाइलला जागा दिली नाही, तर ते ऊन अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या बोल्डरचं असतं, ४० अक्षांशावरचं. जळगाव आहे २१ अक्षांशावर. २२ डिसेंबरला भर माध्यान्ही दक्षिणेच्या भिंतीवर २ फुटी छज्जा जळगावात सुमारे २ फूट सावली टाकतो, बोल्डरच्या उन्हात फक्त १ फूट. म्हणून आधी जिओ-लोकेशन (प्लॉटचं नकाशावरचं ठिकाण) द्या, वेळ यूटीसी +५:३० (भारतीय वेळ) झाली का पाहा, आणि मगच छज्जे ठरवा.

जागा बरोबर दिली की पश्चिमेची भिंत काय सोसते तेही दिसतं. २० मेला संध्याकाळी ५ वाजता जळगावात सूर्य क्षितिजापासून सुमारे २६ अंशांवर असतो. पश्चिमेचा २ फुटी छज्जा तेव्हा जेमतेम १ फूट सावली देतो आणि ४ फुटी खिडकीचा ३ फूट भाग उन्हात राहतो. छज्जा लांबवून भागत नाही. उभे फिन (भिंतीबाहेर काढलेल्या उभ्या पट्ट्या), जाळी किंवा व्हरांडाच हवा.

‘स्केचअपमध्ये करून मग रेव्हिटमध्ये घेऊ’ या भरवशावर राहू नका. आयात केलेलं मॉडेल तिथे नुसता आकार म्हणून येतं. त्याला भिंतीचा प्रकार नसतो, शेड्यूलमध्ये वीटकाम दिसत नाही. रेव्हिटचं मॉडेल नव्यानेच उभारावं लागतं.

वीज जाते त्याचाही विचार करा. स्केचअप ठरावीक वेळाने स्वतः ऑटोसेव्ह करतं. रेव्हिट फक्त ‘सेव्ह करा’ अशी आठवण देतं, तीही सुरुवातीच्या सेटिंगला अर्ध्या तासाने. ती वेळ १५ मिनिटांवर आणा आणि यूपीएस लावा. रेव्हिट विंडोजवरच चालतं. रॅम १६ जीबी असली तर काम होतं, ३२ असेल तर बरं.

बंगला, इंटिरिअर, दुकानाचं एलिव्हेशन, गावठाणातल्या वाकड्या भिंतींच्या धाब्याच्या घराची दुरुस्ती, या कामांना स्केचअप पुरे. चार-पाच मजली अपार्टमेंट, दवाखाना, शाळा अशा कामांत ड्रॉइंग वारंवार बदलतात आणि स्ट्रक्चर व प्लंबिंगवाले वेगळे असतात. तिथे रेव्हिटवर घातलेला वेळ वसूल होतो. विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क (रेव्हिट बनवणारी कंपनी) पात्रता तपासून रेव्हिट वर्षभर मोफत देतं आणि पात्रता असेपर्यंत दरवर्षी नूतनीकरण होतं, पण ती प्रत धंद्याच्या कामाला चालत नाही.

रेव्हिट घ्यायचं ठरलं तर आधी आपल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे कोणत्या सालची आवृत्ती आहे ते विचारा. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही आणि मागच्या सालात सेव्ह करायची सोयही रेव्हिटमध्ये नाही.