पायावरचा पराग आणि मधातला पराग

मक्याच्या तुऱ्यांवर मधमाश्यांची झुंबड दिसली, की शेजारच्या पेटीत मक्याचा मध येणार असं कुणालाही वाटेल. तो येत नाही. मक्याचं परागीभवन वारा करतो, त्याच्या फुलात मकरंदच नसतो. ज्वारीचंही तेच. माशी तिथून नेते तो निव्वळ पराग, पिलांच्या खाद्यासाठी.

म्हणजे माशीच्या मागच्या पायांवरच्या परागाच्या गोळ्या पिलांच्या खाद्याचा हिशेब सांगतात, मधाचा नाही. पेटीच्या दाराशी जाळीचा सापळा लावला की त्या गळून पडतात. एका फेरीत माशी सहसा एकाच जातीच्या फुलांवर फिरते, त्यामुळे एका गोळीत बहुधा एकाच वनस्पतीचा पराग असतो. काम तसं सरळ आहे.

मकरंद कुठून आला हे शोधायचं तर मधातच डोकवावं लागतं. 10 ग्रॅम मध कोमट पाण्यात विरघळवून सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून जड कण तळाशी बसवणाऱ्या यंत्रात, फिरवतात आणि तळाचा साका, म्हणजे मकरंदासोबत मधात उतरलेले परागकण, सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सूर्यफुलाचा कण काटेरी, जांभळाचा बारीक आणि तिकोनी. पण निलगिरीही जांभळाच्याच कुळातली, तिचा कणही तिकोनीच, आणि तिथे सरावलेली नजरही अडखळते. एकाच जातीचे कण 45 टक्क्यांहून जास्त निघाले, तर तो मध त्या फुलाचा, असा सर्वसाधारण दंडक आहे.

हा दंडक डोळे झाकून लावणं मला पटत नाही. संत्र्याच्या मधात संत्र्याचा पराग मुळातच कमी उतरतो. तो 10-20 टक्के निघाला तरी अनेक ठिकाणी मध संत्र्याचा मानतात. निलगिरीचं उलट, तिचे कण मकरंदाच्या मानाने फार जास्त दिसतात. आणि लाजाळू! तिचे कण इतके चिमुकले, की थोडासा पराग मिसळला तरी मोजणीत गर्दी करतात. मधासाठी मात्र ती काही कामाची नाही, माश्या तिच्याकडे जातात त्या परागासाठी. म्हणून जाणकार मकरंद न देणाऱ्या वनस्पतींचे कण वेगळे काढून मगच टक्केवारी मांडतात.

दोन्ही पराग एकमेकांत मिसळतात ते मध काढताना. आग्या माशीचं पोळं हाताने पिळलं, की परागाने भरलेली घरंही पिळली जातात, आणि पायावरून आलेला सगळा माल मधात उतरतो. सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी माशीच्या, पेटीतल्या चौकटी मधयंत्रात फिरवल्या तर ही भेसळ बरीच कमी होते. महाबळेश्वरच्या जांभूळ मधाची खात्री करायची असेल तर नमुना असा यंत्राने काढलेला घ्यावा. तोही फार बारीक गाळलेला नको, कारण त्या गाळणीत परागच निघून जातो. सोबत त्या काळात आसपास काय काय फुललं होतं याची नोंद हवी, म्हणजे जांभूळ की निलगिरी हा वाद निदान निम्मा तरी मिटतो.