सायकल रॅक मजबूत आहे, पण ट्रेलरसाठी आहे का?

‘रॅकवर लिहिलेल्या वजनात सायकली बसल्या, की तो ट्रॅव्हल ट्रेलरच्या (गाडीमागे ओढत न्यायच्या फिरत्या घराच्या) मागच्या बंपरला बिनधास्त लावा,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो धोकादायक आहे. कारच्या रॅकवरची क्षमता कारसाठीच असते. ट्रेलरचं मागचं टोक चाकांपासून लांब असल्याने खड्ड्यात ते फार जोरात उसळतं. त्यात अनेक ट्रेलरचा बंपर म्हणजे पातळ पत्र्याची पोकळ चौकोनी नळी. तिचं वेल्डिंग तुटलं तर सायकली मागून येणाऱ्यांच्या अंगावर! शिवाय मागचं वजन हिचवरचा, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात त्या जागेवरचा, भार घटवतं. तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के हवा, नाहीतर ट्रेलर डोलू लागतो. मी तरी सायकली ओढणाऱ्या गाडीच्या टपावरच नेईन. मागेच लावायच्या तर ट्रेलरसाठी बनवलेला रॅक घ्या, तोही चासीला पक्का जोडून.