रायफल स्लिंगची चाचणी

रायफल स्लिंग म्हणजे रायफलच्या पुढच्या आणि मागच्या कडीत अडकवलेला, लांबी कमीजास्त करता येणारा पट्टा. शस्त्र खांद्यावर वाहून नेणे, गरजेला दोन्ही हात मोकळे करणे आणि नेम धरताना आधाराच्या हाताला बांध देऊन रायफल स्थिर ठेवणे ही त्याची कामे. त्याची चाचणी दोन प्रश्नांची उत्तरे शोधते : पट्टा आज नीट काम देतो का, आणि घाम, चिखल, ऊन व घासण सोसल्यावरही तसाच काम देईल का. विक्रेते बहुधा पट्टा किती भाराला तुटतो एवढाच आकडा छापतात. चाचणीच्या दृष्टीने हा आकडा सर्वांत कमी उपयोगाचा आहे. स्लिंग मधोमध तुटणे दुर्मिळ असते. शिवण उसवते, कडी निसटते, नाहीतर बकलातून पट्टा हळूहळू सरकत राहतो आणि वापरणाऱ्याला ते उशिरा कळते.

विसाव्या शतकाच्या आरंभी लष्करी पट्टे मुख्यतः चामड्याचे होते. अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलसाठी १९०७ साली स्वीकारलेला ‘एम १९०७’ पट्टा सव्वा इंच रुंद, दोन तुकड्यांचा होता. पितळी आकडे ओळीने पाडलेल्या भोकांत अडकवून त्याची लांबी ठरवली जाई. भोक मोजून लांबी लावायची असल्याने ती पुन्हा तंतोतंत मिळते, हा त्याचा गुण आजही कौतुकाचा आहे आणि अमेरिकेतील काही नेमबाज तो अजून वापरतात. ब्रिटिश सैन्याने १९०८ च्या सरंजामात सुती नवार आणली व ली-एनफिल्ड रायफलींबरोबर ती भारतातही रुळली. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या दमट जंगलांत चामडे बुरशीने कुजू लागले, तेव्हा अमेरिकी सैन्यानेही सुती पट्ट्याचा मार्ग धरला. पुढे नायलॉन आले. एका ओढीने सैल वा घट्ट होणारी सरकती चकती असलेला दोन टोकांचा पट्टा ही त्यानंतरची पायरी, आणि आजच्या चाचण्यांचा मोठा भाग या चकतीभोवतीच फिरतो.

धागा कोणता आहे, यावर चाचणीचे अर्धे निकाल आधीच ठरलेले असतात. नायलॉन चिवट आणि लवचिक आहे, पण हवेतला सुमारे ४ टक्के ओलावा शोषते. भिजल्यावर ते जास्त ताणते आणि त्याची ताकद थोडी घटते. पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी घेते व कमी ताणते. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, हलके आणि पाण्याला दाद न देणारे असते. मात्र ते १६०–१६५ अंश सेल्सिअसला वितळते, आणि तापलेल्या नळीला टेकणाऱ्या पट्ट्यासाठी ही मर्यादा फार खाली आहे. नायलॉनचा ६,६ हा प्रकार साधारण २६० अंशांना वितळतो. प्लास्टिक बकले बहुधा ॲसिटल या कडक प्लास्टिकची असतात आणि तीही १७५ अंशांच्या आसपास वितळतात. म्हणून पट्टा सोसला तरी बकल सोसेलच असे नाही.

ताणाची चाचणी

प्रयोगशाळेत पट्टी ताणण्यासाठी एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेची डी ६७७५ ही पद्धत वापरतात. तिच्यात पट्टीची टोके जबड्यात आवळत नाहीत, तर दोन नळकांड्यांवर गुंडाळतात. जबड्यात धरलेली पट्टी पकडीपाशीच चिरडून तुटते आणि आकडा खोटा येतो. मुंबईत वरळीची सस्मिरा आणि घाटकोपरची बीटीआरए या वस्त्रसंशोधन संस्थांमध्ये वस्त्रांच्या ताण व प्रकाशाच्या चाचण्या होतात, त्यामुळे ही यंत्रे महाराष्ट्रातील वस्त्रतंत्रज्ञांना नवी नाहीत.

जुन्या अमेरिकी लष्करी विनिर्देश मिल-डब्ल्यू-४०८८ मधील १७ व्या प्रकारच्या, १ इंच रुंदीच्या नायलॉन पट्टीची किमान ताणशक्ती २,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,१३० किलो आहे. रायफलचे वजन असते ४ किलोच्या आगेमागे. पण वजन शांतपणे लटकत नाही. ४ किलोची रायफल हातातून सुटून अर्धा मीटर पडली आणि पट्ट्याने तिला ५ सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर सरासरी बल सुमारे ४३० न्यूटन येते, म्हणजे ४४ किलो वजनाइतके. तीच २ सेंटिमीटरमध्ये थांबली तर आकडा १,००० न्यूटनांच्या पुढे जातो. ताण लांबीच्या प्रमाणात वाढतो असे धरले, तर क्षणिक कमाल याच्याही दुप्पट. एवढे सोसूनही चांगली पट्टी आपल्या मर्यादेच्या बरीच खाली राहते. कडीची टाचणी, तिच्यातली छोटी स्प्रिंग आणि चार टाक्यांची शिवण मात्र राहत नाहीत.

म्हणून शहाणा परीक्षक पट्टी एकटी न ताणता कड्या, बकले आणि शिवणीसह पूर्ण स्लिंग यंत्राला लावतो आणि आधी काय निकामी झाले ते लिहून ठेवतो. झटक्याच्या चाचणीत रायफलऐवजी तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी वापरतात. भरलेले शस्त्र झटक्यांखाली ठेवणे हा मूर्खपणा ठरेल. दाबून सुटणाऱ्या कडीला प्रत्येक दिशेने झटका द्यावा लागतो, कारण सरळ ओढीला घट्ट बसणारी कडी तिरक्या ओढीला कधी कधी बाहेर येते.

सरकणे

लांबी बदलणाऱ्या पट्ट्याचा खरा कस इथे लागतो. पट्टा चकतीच्या दांड्यांवरून वळसे घेत जातो आणि घर्षणावर थांबतो. दांडीवर गुंडाळलेल्या दोराबाबत ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र सांगते, की एका टोकाचा भार दुसऱ्या टोकाला पेलण्याचे प्रमाण घर्षणांक आणि एकूण वळणाचा कोन यांच्या गुणाकाराने घातांकी वाढते. एकूण वळण ३६० अंश आणि घर्षणांक ०·२५ धरला तर हे प्रमाण सुमारे ४·८ येते. चिखलपाण्याने घर्षणांक ०·१५ वर उतरला की तेच सुमारे २·६ उरते. प्रत्यक्ष चकतीत पट्टा स्वतःखालीच दाबला जातो, त्यामुळे हिशोब इतका सरळ नसतो. पण कोरड्या टेबलावर घट्ट बसणारी चकती ओल्या पट्ट्यावर का घसरते, ते यावरून समजते.

नवाकोरा पट्टा ताठ असतो आणि त्याच्यावर लेपही असतो. तो चकतीत छान अडकतो आणि चाचणी उत्तीर्ण होतो. काही आठवडे वापरल्यावर तो मऊ पडतो, कडा गोल होतात आणि घसरण सुरू होते. म्हणून सरकण्याची चाचणी पट्टा शेकडो वेळा सैल-घट्ट करून मऊ केल्यानंतर पुन्हा घेतली पाहिजे. बाजारातल्या अनेक परीक्षणांत हेच राहून जाते. पद्धत सोपी आहे : चकतीपाशी पट्ट्यावर खडूची रेघ मारायची, वजन अडकवून हेलकावे द्यायचे आणि रेघ किती मिलिमीटर हलली ते मोजायचे. कोरडा, भिजलेला आणि बारीक वाळू घातलेला अशा तिन्ही अवस्थांत मोजायचे. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. घसरू नये म्हणून फार घट्ट केलेली चकती हातमोजे घालून एका हाताने ओढता येत नसेल, तर लांबी बदलण्याची सोय नावापुरतीच उरते.

घासण आणि हवामान

घासणीसाठी स्लिंगची स्वतंत्र अशी सर्वमान्य पद्धत नाही. मोटारीच्या सीटबेल्टसाठीची अमेरिकी पद्धत उसनी घेता येते. तिच्यात पट्टी ६·३५ मिलिमीटरच्या षटकोनी पोलादी दांडीवरून २,५०० फेऱ्या मागेपुढे ओढतात आणि नंतर तिची उरलेली ताणशक्ती मूळच्या ७५ टक्क्यांहून खाली जाऊ नये अशी अट असते. स्लिंगच्या बाबतीत केवळ ताकद पाहून भागत नाही. तंतू तुटून पट्टीवर लव आली की जाडी बदलते आणि चकतीची पकडही बदलते.

धातूच्या भागांना खारी फवारणी देतात. एएसटीएम बी ११७ प्रमाणे ५ टक्के मिठाचे पाणी ३५ अंश सेल्सिअसला धुक्यासारखे सोडतात. इतके तास टिकले म्हणजे समुद्रकाठी इतकी वर्षे टिकेल, असा हिशोब मात्र मांडता येत नाही. ही चाचणी दोन मुलाम्यांची तुलना करायला चांगली आहे, आयुष्य सांगायला नाही. अमेरिकी लष्कराच्या मिल-स्टँडर्ड-८१० मध्ये उष्णता, थंडी, पाऊस, वाळू आणि बुरशीच्या पद्धती आहेत. बुरशीची चाचणी किमान २८ दिवस चालते. नायलॉन स्वतः बुरशीला सहसा बळी पडत नाही. सुती पट्टी आणि चामडे पडतात. नायलॉनचा खरा शत्रू ऊन. अतिनील किरणांखाली ठेवलेल्या नमुन्यांत जाड पट्टी आतून बरीच शाबूत राहते, पण वर उघडा असलेला शिवणीचा बारीक धागा आधी ठिसूळ होतो. म्हणून उन्हाच्या चाचणीनंतर शिवण वेगळी ताणून पाहतात. लष्करी पट्ट्यांत रंग उडणे हा केवळ दिसण्याचा प्रश्न नसतो. रात्रीच्या दुर्बिणींत पट्टा चमकू नये म्हणून जवळच्या अवरक्त किरणांचे परावर्तनही मोजतात, आणि तेही धुण्यानंतर व उन्हानंतर पुन्हा.

नेमबाजीतील चाचणी

क्रीडा नेमबाजीत निकष वेगळे आहेत. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार पट्टा जास्तीत जास्त ४० मिलिमीटर रुंद असू शकतो. तो पालथ्या आणि गुडघ्यावरच्या स्थितीतच चालतो, उभ्याने नाही. पालथ्या स्थितीत आधाराच्या हाताचा कोपरापुढचा भाग जमिनीशी ३० अंशांहून कमी कोन करू शकत नाही. इथे पट्टा वाहण्याचे साधन उरत नाही, तो दंड आणि रायफल यांच्यामधला ताणलेला दुवा होतो. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०·४ मिलिमीटर व्यासाचे असते. खांदा आणि पुढचा आधार यांत ७० सेंटिमीटर अंतर धरले, तर पुढचा आधार १ मिलिमीटर खाली गेल्यास लक्ष्यावर रोख सुमारे ७ सेंटिमीटर सरकतो. नेमबाज ते स्नायूंनी सावरतो, आणि पट्टा असतो तो नेमके हे सावरणे टाळण्यासाठी. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनचे, म्हणजे पालथ्या स्थितीतले, सुवर्णपदक मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभ्याने) कांस्यपदक पटकावले. प्रोनमध्ये पट्टा साठ गोळ्यांपर्यंत एकाच लांबीवर राहिला पाहिजे, म्हणून त्याच्यावर आकडे किंवा भोके असतात आणि ताणली जाणारी पट्टी टाळली जाते. दंडावर पट्टा चुकीच्या जागी बसला तर रक्तवाहिनीचे ठोके रायफलपर्यंत पोचतात. तेव्हा दृष्टिकाट्याकडे पाहूनच जागा बदलावी लागते. ही चाचणी माणसाशिवाय होत नाही.

पट्ट्याची पुढची कडी थेट नळीशी जोडलेली असेल तर आणखी एक चाचणी लागते. अमेरिकी लष्कराच्या जुन्या एम १६ रायफलमध्ये ही कडी नळीवरच्या पुढच्या दृष्टिकाट्याच्या बैठकीला असे, त्यामुळे पट्टा आवळला की नळी किंचित वाकून गोळ्यांचा समूह हलत असे. हे तपासायला त्याच अंतरावरून, त्याच दारूगोळ्याने एक समूह सैल पट्ट्याने आणि एक ताणलेल्या पट्ट्याने मारतात आणि दोन्ही समूहांच्या मध्यबिंदूंतले अंतर मोजतात. नळीला न टेकणाऱ्या हस्तकवचावर (नळीभोवतीच्या, हात धरायच्या आवरणावर) कडी असेल तर हे अंतर जवळजवळ नाहीसे होते.

मैदानी चाचणी आणि नोंद

यंत्रावरचे निकाल मैदानात पुन्हा तपासावे लागतात, कारण खांदा काचणे, कडीचा खुळखुळाट किंवा पाठपिशवीच्या पट्ट्यात अडकणारे स्लिंगचे लोंबते टोक यंत्राला दिसत नाही. बायॅथलॉन म्हणजे स्कीइंग आणि नेमबाजीचा जोडखेळ. त्याचे खेळाडू बर्फावर किमान ३·५ किलोची रायफल पाठीवर घेऊन स्कीवरून धावतात. त्यांच्यासाठी वाहण्याचे पट्टे आणि दंडाला अडकवायचा पट्टा वेगळे ठेवलेले असतात, आणि दोन्हींची परीक्षा दमलेल्या हातांनी व थंडीने बधिर बोटांनी होते. ओला पट्टा गोठून चकतीत बर्फ धरतो की नाही, हेही अशा वेळीच कळते.

उपयोगी अहवालात पट्टीचा धागा, रुंदी, टाक्यांचा प्रकार, किती फेऱ्यांनंतर किती मिलिमीटर सरकण आली आणि कोणता भाग आधी गेला हे सगळे असते. नमुनेही एकाहून अधिक असावे लागतात. एकाच पट्ट्यावर घेतलेल्या चाचणीत शिवणीचा दोष त्या कारागिराचा होता की रचनेचा, हे सांगता येत नाही.