त्रिशंकूला टांगायचं कुठे?

बडोद्यात कमाटी बागेजवळून वाहणारी विश्वामित्री सगळ्यांना माहीत असते ती मगरींमुळे. तिचा उगम पावागडावरचा. तिथे विश्वामित्रांनी तप केलं अशी श्रद्धा आहे, म्हणून हे नाव. पुलाच्या कठड्यावर वाकून मगर शोधणाऱ्यांना त्रिशंकू काही आठवत नसेल. पण अद्भुतकथा आणि विज्ञानकथा यांतला फरक समजून घ्यायचा तर त्याच्याइतका कामाचा माणूस दुसरा नाही.

कथा ठाऊक आहेच. त्रिशंकू राजाला याच देहाने स्वर्गात जायचं होतं. वसिष्ठांनी नकार दिला, त्यांच्या मुलांनी शाप दिला. विश्वामित्रांनी मात्र आपलं तपोबळ लावून त्याला वर धाडलं. इंद्राने लोटून दिल्यावर डोकं खाली, पाय वर असा तो कोसळू लागला, तेव्हा विश्वामित्र गरजले, ‘थांब!’ आणि तो थांबला.

अद्भुतकथेला एवढं पुरतं. विज्ञानकथा लिहिणाऱ्याची कटकट नेमकी ‘थांबला’ या शब्दापासून सुरू होते.

समजा त्रिशंकू ४०० किलोमीटर उंचीवर आहे. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं हा फार पसरलेला गैरसमज. जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के ओढ तिथेही शिल्लक असते. नुसता सोडून दिला, तर हवेचा विरोध न धरता तो पाचेक मिनिटांत खाली येईल. मग त्याच्या पायाशी रॉकेट बांधू. हायड्रोजन-ऑक्सिजनवर चालणारं चांगलं इंजिन सेकंदाला साधारण ४.४ किलोमीटर वेगाने वाफ फेकतं. एवढ्या वेगावर नुसतं एका जागी तरंगत राहायचं म्हटलं, तरी दर सहा मिनिटांना एकूण वजनाचा निम्मा भाग इंधन म्हणून जळून जातो. हिशेब चक्रवाढीचा आहे. ७० किलोच्या राजाला एक तास टांगायला सुरुवातीला ८० टनांहून जास्त इंधन हवं, आणि यात टाकी व इंजिनाचं वजन धरलेलंच नाही. दुसऱ्या तासाची गोष्ट काढूच नका.

तेव्हा लेखक म्हणतो, थांबवायचं कशाला, फिरवू या. त्याच उंचीवर सेकंदाला ७.७ किलोमीटर वेग दिला की माणूस पडतच राहतो, पण जमिनीला चुकवून पडतो. यालाच आपण कक्षा म्हणतो. मात्र दीड तासाने प्रदक्षिणा पुरी होईपर्यंत पृथ्वी स्वतःभोवती वळलेली असते आणि बडोदं पूर्वेला सरकलेलं असतं. एकाच जागी दिसायला हवा, तर प्रदक्षिणेला २३ तास ५६ मिनिटं लागली पाहिजेत. तेवढा काळ ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच जुळतो, आणि कक्षा विषुववृत्ताच्या बरोबर वर असावी लागते.

इथे कथानकच अडतं. बडोदं आहे सव्वाबावीस अंश उत्तर अक्षांशावर. बरोबर डोक्यावर कायमचा स्थिर उपग्रह ठेवताच येत नाही. कक्षा तिरकी केली तर तो आकाशात रोज इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वाट काढतो. आपल्या ‘नाविक’ या भारतीय दिशादर्शक यंत्रणेतले काही उपग्रह असेच फिरतात. स्थिर हवा असेल तर बडोद्यातून तो दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ६४ अंशांवर दिसणार. दांडिया बझारातल्या गच्च्यांवरच्या डिश पाहा, बहुतेक दक्षिण-आग्नेयेकडे तोंड करून बसलेल्या आहेत. त्या प्रत्यक्ष रोखलेल्या कोनापेक्षा जास्त उभ्या वाटतात, कारण त्यांचा संदेश टिपणारा भाग मधोमध नसून खालच्या बाजूला बसवलेला असतो.

एवढ्यावरही भागत नाही. सूर्य-चंद्राच्या ओढीने कक्षा हळूहळू कलते, ती सरळ ठेवायला दरवर्षी थोडं इंधन खर्चावं लागतं. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास रोज तासाभरापर्यंत, फार तर ७२ मिनिटं, तो पृथ्वीच्या सावलीत जातो आणि सौरपट्ट्या निकामी होतात. बडोद्यापुरतं बोलायचं तर मार्चच्या दुसऱ्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दुपारी काही मिनिटं सूर्य बरोबर उपग्रहामागे येतो आणि टीव्हीचं चित्र फुटतं. केबलवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही. आणि इंधन संपलं तर? पृथ्वीचं विषुववृत्त तंतोतंत गोल नाही. त्यामुळे बेवारस उपग्रह हळूहळू घरंगळतात आणि दोनच रेखांशांभोवती झोके घेत राहतात. त्यांतला एक ७५ अंश पूर्व. बडोदं ७३.२ वर आहे! म्हणजे टाकून दिलेला त्रिशंकू फिरून फिरून जवळपास विश्वामित्रीच्याच रेखांशावर येऊन रेंगाळू शकतो. असा योगायोग हाती लागला की विज्ञानकथा लिहिणाऱ्याचं काम निम्मं झालं. तो कल्पनेतून सुचला नसता, आकडेमोडीतून सापडला.

एक गोष्ट मात्र कायमची गेली. कक्षेत वजन जाणवत नाही, त्यामुळे वर-खाली असं काही उरत नाही. राजा उलटा लटकलाय ही शिक्षाच संपली. अद्भुतकथेतला सगळा अपमान ‘खाली’ या दिशेवर उभा आहे आणि विज्ञानाने ती दिशाच काढून घेतली.

एका पेटीत तलवारी, दुसऱ्या पेटीत अंतराळयानं अशी वाटणी म्हणूनच कुचकामी आहे. विचारायचं एवढंच, की लेखकाची चूक कोण काढू शकतो? विज्ञानकथेतली चूक बाहेरचा माणूस काढतो, कागद-पेन घेतलेला अकरावीतला मुलगासुद्धा. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नने १८६५ साली कादंबरीत चंद्राकडे माणसं धाडली ती ९०० फुटी तोफेतून, सेकंदाला ११ किलोमीटर वेगाने. वेग त्याने बरोबर निवडला होता. पण तो वेग २७४ मीटरांत गाठायचा म्हणजे प्रवेगाचं सूत्र लावा: वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. उत्तर येतं गुरुत्वाकर्षणाच्या बावीस हजार पट. ७० किलोचा माणूस तेवढ्या क्षणापुरता दीड हजार टनांचा होतो. व्हर्नने धक्का झेलायला खाली पाण्याचे थर ठेवले होते, ते इथे काय पुरणार! रॉकेटमधले अंतराळवीर तीन-चार पट भार सोसतात, कारण त्यांना वेग गाठायला मिनिटं मिळतात. तरीही व्हर्नचं मोठेपण यातच आहे, की त्याने आकडे दिले म्हणून तो सापडला.

अद्भुतकथेत अशी चूक काढता येत नाही, म्हणून तिथे काहीही चालतं असं मानणारे ती नीट वाचत नाहीत. तिची चूक तिचंच मागचं पान काढतं. रामायणात विश्वामित्रांचं सामर्थ्य फुकटचं नाही. त्यांनी साठवलेलं तप त्रिशंकूवर खर्च होतं, आणि पुढे दक्षिणेत विघ्न आलं म्हणून ते पश्चिमेला पुष्करला जाऊन पुन्हा तपाला बसतात. जमा आहे, खर्च आहे, तूट आहे. त्यांनी दुसऱ्या दिवशी फुकटात आणखी चार राजे वर पाठवले असते, तर कथा तिथेच कोसळली असती. होतकरू लेखकांच्या अद्भुतकथा बहुतेक इथेच फसतात. मंत्राची किंमत पहिल्या प्रकरणात ठरते आणि शेवटच्या लढाईत लेखक ती विसरतो.

मधल्या प्रदेशात पुष्कळ कथा राहतात. प्रकाशापेक्षा वेगाने जाणारं यान हे आजच्या भौतिकशास्त्रात बसत नाही, तरी आपण त्याला विज्ञानकथा म्हणतो. माझ्या मते एक सवलत द्यावी, पण त्या एका सवलतीचे परिणाम पुढे काटेकोर हवेत. दर संकटात नवा किरण निघू लागला, की ती जादूची कांडीच झाली, वर धातूचा मुलामा.

आणि त्रिशंकू म्हणजे प्राचीन उपग्रह, असे संदेश फोनवर फिरत असतात. त्यांनी दोन्हीकडचं नुकसान होतं. उपग्रहाला वेग, कक्षा, इंधन लागतं. कथेत त्यातलं काहीच नाही आणि तिला ते नकोही होतं. तिला हवा होता एक हट्टी राजा आणि त्याहून हट्टी ऋषी.

रामायणात विश्वामित्र रागाच्या भरात दक्षिण आकाशात दुसरे सप्तर्षी आणि नक्षत्रं निर्माण करतात, आणि मराठीत दक्षिणेकडच्या चार ताऱ्यांच्या क्रुसाला त्रिशंकूच म्हणतात. तो बडोद्यातून दिसतो. मे महिन्याच्या मध्यावर, रात्री साडेनऊच्या सुमारास, शहराबाहेर दक्षिण क्षितिज मोकळं असेल अशा जागी उभं राहायचं. तारे क्षितिजापासून साधारण ५ ते १० अंशांच्या पट्ट्यात असतात. हात लांब करून धरलेली मूठ १० अंश झाकते, म्हणजे अख्खा राजा मुठीआड जातो. उन्हाळी धूळ दाट असेल तर सर्वांत खालचा, खरं तर सर्वांत तेजस्वी, तारा आधी हरवतो. क्रुसाच्या मध्यापासून सरळ वर साडेपाच मुठी मोजल्या की स्थिर उपग्रहांची रांग येते. ती डोळ्यांना दिसत नाही, डिशला दिसते.