पुण्याचा एल्फिन्स्टन आणि स्टेशनवाला एल्फिन्स्टन

‘पेशवाई बुडवणारा लॉर्ड एल्फिन्स्टन’ असं सर्रास लिहिलं जातं. यात दोन माणसांची सरमिसळ झाली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या सत्तेच्या अखेरीशी ज्याचा संबंध, तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. घराण्यातला धाकटा मुलगा असल्यामुळे तो कधीच लॉर्ड झाला नाही. लॉर्ड होता त्याचा सख्खा पुतण्या, जॉन. दोघेही मुंबईचे गव्हर्नर झाले आणि तिथून घोटाळा सुरू झाला.

काका मुळात मुत्सद्दी. जन्म १७७९ चा, १७९६ मध्ये हिंदुस्थानात आला. असईच्या लढाईत वेलस्लीबरोबर होता, मग नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट झाला. फ्रेंचांच्या धास्तीने कंपनीने त्याला अफगाणिस्तानच्या शाह शुजाकडे धाडलं. भेट पेशावरला झाली, १८०९ मध्ये तहही झाला, पण लवकरच शुजाची गादीच गेली. (१८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना ज्याची फौज कापली गेली, तो जनरल विल्यम एल्फिन्स्टन याचा चुलतभाऊ.)

१८११ पासून तो पुण्यात रेसिडेंट. रेसिडेंट म्हणजे गव्हर्नर नव्हे. दरबारात बसलेला कंपनीचा वकील, पण पाठीशी फौज असलेला. १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला. शास्त्र्यांच्या सुरक्षिततेची हमी इंग्रजांची होती. ते निमित्त धरून एल्फिन्स्टनने, खुनाचा आळ असलेल्या बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांना ताब्यात देण्यासाठी बाजीरावाची कोंडी केली. त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले. जून १८१७ चा तह पेशव्याच्या गळ्यात बांधला गेला आणि ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. संगमावरची रेसिडेन्सी जळाली, तिच्यात एल्फिन्स्टनची पुस्तकंही गेली.

पुढे १८१९ ते १८२७ तो गव्हर्नर होता. विश्रामबागवाड्यातली संस्कृत पाठशाळा १८२१ ची, त्याच्याच काळातली. त्याच्या निरोपाच्या वेळी लोकांनी वर्गणी जमवली, त्यातून एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं. विद्याप्रेमी गव्हर्नर म्हणून त्याचं कौतुक जरूर करावं, पण पुण्यात जाळं विणणारा माणूसही तोच होता, हे त्या कौतुकात हरवू नये असं मला मनापासून वाटतं. गव्हर्नर-जनरलपद त्याने नाकारलं, इंग्लंडात बसून हिंदुस्थानचा इतिहास लिहिला आणि १८५९ मध्ये तो वारला.

पुतण्याची गोष्ट त्या मानाने सरळ आहे. तो दरबारी वकिली करून वर आलेला नव्हता. आधी मद्रासचा गव्हर्नर, मग १८५३ ते १८६० मुंबईचा. सत्तावन्नच्या उठावात मुंबई इलाखा त्याने हातातून जाऊ दिला नाही, कोल्हापुरातल्या पलटणीचा उठाव मोडला गेला. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. मुंबईतलं एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचं हॉर्निमन सर्कल, त्याच्या नावाचं. आणि २०१८ मध्ये प्रभादेवी झालेलं एल्फिन्स्टन रोड स्टेशनही त्याचंच, पुण्याच्या रेसिडेंटचं नव्हे.