कल्पितविश्व : चाहतालेखनातील आणि भूमिकाखेळातील

स्वतःचा भूगोल, इतिहास आणि नियम असलेले, एखाद्या लेखकाने रचलेले जग म्हणजे कल्पितविश्व. वाचक त्या जगात स्वतःच्या कथा लिहू लागले की ते चाहतालेखन होते. रोजच्या बोलण्यात त्याला ‘फॅनफिक’ किंवा नुसते ‘फिक’ म्हणतात. दोघेतिघे आळीपाळीने आपापल्या पात्राच्या वतीने मजकूर लिहीत कथा पुढे नेतात, तो भूमिकाखेळ. खेळणाऱ्यांच्या भाषेत ‘आरपी’. अद्‌भुतकथा अगणित आहेत, पण ही मंडळी पुन्हापुन्हा मोजक्याच जगांकडे वळतात. ती जगे सर्वांत सुंदर लिहिलेली असतात असे नाही. त्यांत राहायला जागा असते.

ही जागा म्हणजे काय, हे पुण्यातल्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत वाड्याच्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगच्या कडेला दगडविटा रचून, त्यावर पोती टाकून, चिखलाने लिंपून किल्ला उभा राहतो. अळीव किंवा मोहरी पेरली की चार दिवसांत हिरवळ येते. मग कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेली चित्रे मांडायची. महाराजांचे सिंहासन कुठे, हे ठरलेले असते. त्याला कोणी हलवत नाही. खेळ रंगतो तो बिननावाच्या मावळ्यांवर. हा चोरदरवाज्यावर, याचा भाऊ पायथ्याच्या गावात, त्या पलीकडच्याला रात्री झोप येत नाही. मधला भाग पक्का आणि कडा मोकळ्या. चाहत्यांना धरून ठेवणाऱ्या कल्पितविश्वांची बांधणी अशीच असते.

जे. आर. आर. टोल्कीन यांनी १९५४–५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ला नकाशे, वंशावळी आणि कालपट जोडले. त्या नकाशावर ऱ्हून, हराद अशा प्रदेशांची नावे आहेत, पण तिथे काय घडले ते जवळजवळ सांगितलेलेच नाही. हे सारेच अनवधानाने झालेले नाही. १९५१च्या सुमारास मिल्टन वॉल्डमन या संपादकाला लिहिलेल्या पत्रात टोल्कीन म्हणतात की, काही कथा पूर्ण सांगाव्यात, बऱ्याच नुसत्या आराखड्यात ठेवाव्यात आणि रंग, संगीत, नाट्य हाताळणाऱ्या इतरांना वाव राहावा, अशी आपली एके काळी इच्छा होती.

हॅरी पॉटरच्या मालिकेने (१९९७–२००७) जागा दिली ती वेगळ्या रीतीने. शाळा एकच, तिच्यात चार गट आणि सात इयत्ता. मूळ कथा मोजक्याच मुलांभोवती फिरते, बाकीचे वर्ग रिकामे राहतात. मराठी अनुवाद वाचलेल्या मुलालाही पुस्तक मिटताना पहिला प्रश्न पडतो तो ‘माझा गट कोणता?’ हाच. तिथून पात्र घडवायला वेळ लागत नाही. अ‍ॅन मॅककॅफ्री यांच्या ‘पर्न’ या जगात संकटच ठरावीक काळाने परत येते: साधारण पन्नास वर्षे आकाशातून जीवघेणे तंतू पडत राहतात, मग कित्येक पिढ्या शांतता. पृष्ठभागाचे रक्षण करणारे ड्रॅगन आणि त्यांचे स्वार अनेक वस्त्यांतून राहतात. मुख्य पात्रांना हात न लावता चाहत्यांनी आपापल्या वस्त्या वसवल्या आणि १९९०च्या दशकात संगणकावरच्या मजकुरी खेळांतून त्या वर्षानुवर्षे चालवल्या. एका नायकाच्या मनातच घडून संपणारी कथा कितीही थोर असली तरी तिच्यात असा मुक्काम करता येत नाही.

भूमिकाखेळाची नियमावली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळातून (१९७४) आली, संगणकावरचा बहुखेळाडू मजकुरी खेळ १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी सुरू केला आणि रिचर्ड बार्टल यांनी पुढे वाढवला. पण नियम लागतात ते मुळात दोन अनोळखी माणसांना एकत्र खेळता यावे म्हणून. आरपीतला पहिला शिष्टाचार असा: ‘बाण सुटला’ एवढेच आपण लिहायचे, ‘लागला’ हे ज्याच्यावर सोडला त्याने लिहायचे. दुसऱ्याच्या पात्राचा परस्पर निकाल लावणे म्हणजे ‘गॉडमॉडिंग’, आणि ते कोणालाच खपत नाही. जादूला मर्यादा आणि किंमत असलेले जग इथे पंचाचे काम करते. जिथे काहीही होऊ शकते तिथे भांडण मिटवायला आधार उरत नाही. चाहतालेखनात मर्यादा नसण्याच्या याच दोषाला १९७३ पासून ‘मेरी सू’ म्हणतात, म्हणजे सर्व गुणांनी परिपूर्ण पात्र. पॉला स्मिथ यांनी ते नाव एका विडंबनकथेत योजले होते. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हा चाहतालेखनाचा संग्रह २००९ मध्ये खुला झाला आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथा-अद्‌भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

दुसऱ्याच्या जगात लिहिणे ही परकी सवय आहे असे मानणाऱ्यांनी बारामतीच्या मोरोपंतांकडे (१७२९–९४) पाहावे. एकाच कथेवर त्यांनी १०८ रामायणे रचली असे मानले जाते, तीही स्वतःवर अटी घालून. ‘निरोष्ठ रामायणा’त ओठ मिटून उच्चारायची अक्षरे वर्ज्य, म्हणजे ‘राम’ हे नावच लिहिता येत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. पिढ्यान्‌पिढ्यांनी घातलेली भर तळटीपांत आणि परिशिष्टांत वेगळी काढली. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो ही कथासुद्धा मुख्य संहितेत नाही, ती परिशिष्टात आहे. श्रद्धेचा ग्रंथ आणि करमणुकीचे जग यांना एका मापाने मोजू नये, पण भर घालणाऱ्या हाताची ओढ ओळखीची आहे.

पुण्यातल्या मुलामुलींना हे सारे मराठीत लिहिताना एक अडचण येते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ती देणगीच आहे. इंग्रजीत शिष्य गुरूला, राणी सैनिकाला, शत्रू शत्रूला एकाच सर्वनामाने बोलावतो. मराठीत पहिल्याच वाक्याला ठरवावे लागते: तू, तुम्ही की आपण? ड्रॅगन आपल्या स्वाराला काय म्हणेल? दहा भाग एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या दोन पात्रांपैकी एकाने अकराव्या भागात, जखम बांधता बांधता, ‘हलू नकोस’ म्हटले, की पुढचे काही लिहायच्या आत वाचणाऱ्याला सगळे कळलेले असते.