कुर्तिदो: कोबी आंबट कोण करतं?

मध्य अमेरिकेतल्या एल साल्व्हाडोरमध्ये पुपुसा विकणाऱ्या खाणावळीत टेबलावर बहुतेक वेळा एक मोठी बरणी आधीच मांडलेली असते. आत बारीक चिरलेला कोबी, गाजर, कांदा, ओरिगॅनो आणि थोडी मिरची. लागेल तेवढं आपल्या हाताने वाढून घ्यायचं. हे कुर्तिदो. पुपुसा म्हणजे मक्याच्या पिठाची जाड, सारण भरलेली भाकरी. पोटात चीज, घोटलेला लाल राजमा किंवा डुकराच्या मांसाचं वाटण. २००५ साली तिथल्या सरकारने पुपुसाला राष्ट्रीय पदार्थ ठरवलं आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार तिच्या नावाने राखून ठेवला. कुर्तिदोला असा मान मिळाला नाही, पण त्याच्याशिवाय चीजची पुपुसा दोन घासांतच जड वाटायला लागते. आंबटाने तोंडाला लाळ सुटते आणि जिभेवर बसलेला तुपकटपणा निघतो.

घरी करायला जिन्नस सगळे मंडईतलेच. अडतं ते एका ठिकाणी: आंबटपणा आणायचा कुठून? रस्ते दोन आहेत. एकात व्हिनेगर बाहेरून घालायचं, दुसऱ्यात जिवाणूंकडून आम्ल आतच तयार करून घ्यायचं. इंटरनेटवरच्या बऱ्याच कृती दोन्हींची खिचडी करतात. कोबीवर उकळतं पाणी ओता, मग कपभर व्हिनेगर घाला आणि तीन दिवस ‘आंबवा’, असं सांगतात. त्यात आंबवण्यासारखं काही घडतच नाही. आंबवणारे जिवाणू कोबीच्या पानांवर मुळातच असतात. उकळत्या पाण्याने त्यांतले बरेचसे मरतात आणि उरलेल्यांना व्हिनेगर डोकं वर काढू देत नाही. तीन दिवसांत कोबी मुरतो, एवढंच. चवीला तो वाईट लागत नाही, फक्त त्याला आंबवलेला म्हणू नये.

आधी व्हिनेगरचा रस्ता. बाटलीवर बहुधा ४ टक्के असेटिक आम्ल लिहिलेलं असतं, पण बरणीत ते ४ टक्के राहत नाही, कारण कोबीत वजनाच्या सुमारे ९२ टक्के पाणीच असतं. अर्धा किलो कोबीत २५० मिलिलिटर व्हिनेगर घातलं तर आम्ल १० ग्रॅम येतं, आणि ते पसरतं कोबीच्या पाण्यासकट जवळपास ७०० ग्रॅम पाण्यात. मुरल्यावर आम्ल उरतं दीड टक्क्याच्या आसपास. त्यात वरून पेलाभर पाणी ओतलं की चव आणखी फिकी. म्हणून कोबीला आधी मीठ चोळून अर्धा तास ठेवायचं. बाहेर मीठ जास्त झालं की पेशींमधलं पाणी परासरणाने बाहेर येतं. खमंग काकडीसाठी काकडी मीठ लावून पिळतो, तसंच. पिळलेला कोबी मऊ पण करकरीत राहतो आणि व्हिनेगरही उगाच पातळ होत नाही.

उकळतं पाणी ओतण्याची रीत निरर्थक नाही. कोबी चिरला की पेशी फुटतात, त्यातलं मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) ग्लुकोसिनोलेट नावाच्या संयुगांना गाठतं आणि तिखट, उग्र वासाची गंधकयुक्त द्रव्यं तयार होतात. फेसलेली मोहरी नाकात चढते ती याच रसायनामुळे. मोहरी आणि कोबी एकाच कुळातले. गरम पाण्याने विकर बरंचसं थंडावतं, पानं लवतात आणि कच्चट उग्रपणा जातो. ओतून मिनिटभरात निथळायचं मात्र. जास्त वेळ ठेवलं तर कोबी उकडतो.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, कारण त्यात चवीला अनेक पदर असतात. इथे उकळतं पाणी नाही आणि व्हिनेगरही नाही. भाज्यांच्या एकूण वजनाच्या २ टक्के मीठ, म्हणजे किलोला २० ग्रॅम. ते काट्यावर तोलावं. चमच्याचा भरवसा नाही, बारीक आणि जाड मिठाचा चमचा सारखा भरत नाही. चोळून पाणी सुटलं की सगळं बरणीत दाबून भरायचं आणि वर वजन ठेवायचं. भाजी स्वतःच्याच पाण्याखाली बुडलेली हवी, कारण बुरशीला हवा लागते आणि आपल्याला हव्या असलेल्या जिवाणूंचं हवेवाचून अडत नाही.

सुरुवातीला ल्यूकोनोस्टॉक जातीचे जिवाणू कामाला लागतात. ते लॅक्टिक आम्लाबरोबर थोडं असेटिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइडही बनवतात. बुडबुडे दिसतात ते त्याचेच, म्हणून झाकण सैल ठेवायचं. आम्ल वाढलं की त्यांनाच ते सोसवत नाही आणि लॅक्टोबॅसिलस प्लँटारम ताबा घेतो. (२०२० साली वर्गीकरण बदललं, आता त्याला लॅक्टिप्लँटिबॅसिलस म्हणतात. कोबीला त्याचं काही नाही.) पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. तो ४.६ च्या खाली गेला की बोट्युलिझमचे, म्हणजे अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे, जिवाणू वाढू शकत नाहीत. नीट आंबलेला कोबी ३.५ च्या आसपास पोचतो.

तापमानाची गोम इथे आहे. १८ ते २२ अंशांत पहिल्या फळीला पुरेसा वेळ मिळतो आणि वास छान येतो. आपल्याकडच्या मे महिन्यात दुसरी फळी लगेच घुसते. कोबी दोन दिवसांत आंबट होतो, पण नुसताच आंबट. त्या दिवसांत सरळ व्हिनेगर वापरावं, किंवा डिसेंबरची वाट पाहावी.

ओरिगॅनो मात्र दोन्हीकडे हवाच. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या घरात साठलेल्या असतातच, त्या चालतात. त्याचा मुख्य गंध कार्व्हाक्रोल या द्रव्याचा. ओव्यातला थायमॉल याचाच समघटक, म्हणजे रेणुसूत्र एकच, फक्त अणूंची मांडणी वेगळी. ओरिगॅनो नसेल तर चिमूटभर ओवा चुरडून घालून पाहावा, पण चिमूटभरच, नाहीतर कुर्तिदोचं ओवापाणी होईल.

झालेलं कुर्तिदो फ्रीजमध्ये ठेवावं. आंबवलेलं थंडीतही हळूहळू आंबट होत राहतं. व्हिनेगरवाल्याचा आंबटपणा आहे तिथेच राहतो, करकरीतपणा मात्र उतरत जातो, म्हणून ते आठवड्याभरात संपवलेलं बरं. रंगीत बुरशी दिसली किंवा कुजका वास आला तर वरचा थर काढून उरलेलं वाचवत बसू नये. सगळीच बरणी टाकून द्यावी.